बुटांच्या दुकानांतील क्ष-किरण आणि सुशिक्षितांची श्रद्धा

आमच्या सुशिक्षित वर्गांत एक समजूत फार दृढ होऊन बसलेली आहे. ती अशी कीं, अंधश्रद्धा म्हणून जी कांहीं वस्तु आहे ती खेड्यांत राहते, निरक्षरांच्या घरीं पोसली जाते आणि विद्यालयाचा उंबरठा ओलांडतांच आपोआप नाहींशी होते. तापानें फणफणलेल्या नातवाला अंगारा लावणाऱ्या आजीची आपण कींव करतों. परंतु त्याच मुलाला साधा खोकला झाला असतां, 'एकदां फोटो काढूनच टाकूं, म्हणजे मनाला शंका नको,' असें म्हणणाऱ्या पदवीधर बापाकडे आपण कौतुकानें पाहतों. अंगारा कां लावला याचें उत्तर आजीला देतां येत नाहीं. फोटो कशासाठीं काढावयाचा याचें उत्तर बापालाही देतां येत नाहीं. दोघांत भेद असेल तर तो इतकाच कीं, अंगाऱ्यापासून मुलाच्या शरीरास सहसा अपाय होत नाहीं.

सुशिक्षितांचीही एक अंधश्रद्धा असते. ती यंत्रावर असते. आणि ती अडाण्यांच्या अंधश्रद्धेहून अधिक दुर्भेद्य असते, कारण ती स्वतःला विज्ञान म्हणवून घेते. हें विधान कोणास कठोर वाटेल. त्याच्या समर्थनार्थ एका यंत्राची हकीकत सांगावयाची आहे. हें यंत्र रुग्णालयांतील नव्हे, प्रयोगशाळेंतील नव्हे, तर जोड्यांच्या दुकानांतील होतें. त्याचीं गिऱ्हाइकें भोळींभाबडीं खेडवळ माणसें नव्हतीं. बॉस्टन, लंडन, झुरिक अशा शहरांतील शिकलेलीं, नीटनेटकीं, मुलांच्या आरोग्याविषयीं अतिशय दक्ष अशीं तीं कुटुंबें होतीं. ही दक्षताच त्यांना त्या यंत्राकडे घेऊन गेली, हा या हकीकतीचा खरा मर्मभाग आहे.

यंत्र दिसावयास मोठें देखणें होतें. उत्तम लाकडाची, पुरुषाच्या छातीइतक्या उंचीची पेटी. तिच्या पायथ्याशीं एक फट. मुलानें नवे बूट घालून पायरीवर चढावयाचें आणि दोन्ही पाय त्या फटींत सरकवावयाचे. पायांखालीं क्ष-किरणांची नळी असे. पायांच्या वर, किरण पडतांच हिरवट तेजानें चमकणारा पडदा असे. पेटीच्या माथ्यावर डोळे लावून पाहण्यासाठीं तीन झरोके ठेवलेले असत: एक मुलासाठीं, एक आईसाठीं आणि एक दुकानांतील विक्रेत्यासाठीं. विक्रेत्यानें कळ दाबली कीं कांहीं सेकंदपर्यंत, बहुधा वीसएक सेकंद, बुटाच्या तळाचे खिळे, शिवण आणि त्यांच्यामध्यें पायाचीं बारीक हाडें हिरव्या उजेडांत हलतांना दिसत. मूल बोटें हलवी, आई 'अगबाई' म्हणे, आणि विक्रेता गंभीर मुद्रेनें सांगे कीं, बोटापुढें अर्ध्या इंचाची जागा आहे, हाच जोडा घ्यावा.

विल्हेल्म राँटगेन यानें जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं हे किरण प्रथम ओळखले. त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आंत ते जोडे विकावयास लागले. बॉस्टनचा एक डॉक्टर, जेकब लो, यानें १९२० सालीं जोड्यांच्या व्यापाऱ्यांच्या संमेलनांत आपलें यंत्र मांडून दाखविलें. १९२७ सालीं त्याला त्याचें पेटंट मिळालें. अमेरिकेंत मिलवॉकी येथील एका कंपनीनें आणि इंग्लंडांत 'पेडोस्कोप' या नांवानें दुसऱ्या एका कंपनीनें हीं यंत्रें तयार केलीं. विसाव्या शतकाच्या मध्यास एकट्या अमेरिकेंत सुमारें १०,०००, इंग्लंडांत ३,०००, स्वित्झर्लंडांत १,५०० व कॅनडांत १,००० यंत्रें चालू होतीं असा अंदाज आहे. म्हणजे हा एखाद्या तऱ्हेवाईक दुकानदाराचा खेळ नव्हता. तो सर्वमान्य, प्रतिष्ठित असा व्यवहार होता.

आतां पहिला प्रश्न असा कीं, या यंत्रानें जोडा पायाला बसतो कीं नाहीं हें खरोखर कळत असे काय? थोडा विचार केला तरी उत्तर मिळतें. क्ष-किरण हाडांनीं व धातूनें अडविले जातात. मांसाची व कातड्याची छाया ते अगदीं पुसट पाडतात. जोडा चावतो तो हाडाला चावत नाहीं. तो टांचेवरच्या कातडीला, अंगठ्याच्या बाजूच्या मांसाला आणि पायाच्या चवड्यावरच्या उंचवट्याला चावतो. चामडें कोठें ताठ आहे, कोठें मऊ आहे, चालतांना पाय किती पसरतो, उभें राहिल्यावर कमान किती दबते, यांपैकीं कोणतीही गोष्ट त्या हिरव्या पडद्यावर धडपणें दिसत नसे. उलट आमच्याकडील साधा कारागीर काय करतो तें पाहावें. तो गिऱ्हाइकाला कागदावर उभें करतो, पेन्सिलीनें पायाच्या कडेनें रेघ ओढतो, चवड्याचा घेर दोऱ्यानें किंवा फितीनें घेतो आणि कोठें भोंवरी आहे, कोठें दुखतें हें विचारतो. जालन्याच्या बाजारांत असा जोडा करून घेतलेलीं माणसें अद्याप आहेत. त्या कागदाच्या तुकड्यांत पायाविषयीं जितकी माहिती असे तितकी त्या हजारों यंत्रांपैकीं एकाही यंत्रांत नव्हती. आणि यंत्राचाच हव्यास असेल तर पायाची लांबी-रुंदी मोजणारी धातूची साधी सरकपट्टी त्याच काळांत अमेरिकेंतच निघालेली होती. तिच्यांत वीज नव्हती, किरण नव्हते आणि अपायही नव्हता.

मग तें यंत्र दुकानांत कशासाठीं होतें? तें माप घेण्यासाठीं नव्हतें, पटविण्यासाठीं होतें. जोडा बरोबर बसला असें नुसत्या विक्रेत्यानें सांगितलें तर आई शंका घेई. तेंच यंत्रानें दाखविलें असें वाटलें कीं शंका मावळे. जॅकलिन डफिन व चार्ल्स हेटर या कॅनडांतील दोन अभ्यासकांनीं २००० सालीं या यंत्राचा इतिहास लिहिला, आणि मापाचें शास्त्र म्हणून मिरविणारी ही वस्तु मुख्यतः विक्रीची युक्ति होती हें त्यांनीं विस्तारानें दाखविलें. पेटी डॉक्टरच्या दवाखान्याची आठवण देई; विक्रेता क्षणभर वैद्य बने; आणि जी माता आपल्या मुलाच्या पायाची इतकी काळजी घेते ती उत्तम माता, असा गोड समज घेऊन आई घरीं जाई. मूल तर हट्टानें त्याच दुकानांत येई, कारण आपलीं हाडें पाहावयास मिळणें याहून मोठी मौज ती कोणती? अशा रीतीनें मुलाचें कुतूहल, आईची माया आणि दुकानदाराचा नफा या तिन्हींची सोय एकाच पेटींत झाली.

येथें एक आक्षेप ठरलेला आहे. 'त्या काळीं बिचाऱ्यांना धोका ठाऊकच नव्हता. आजच्या ज्ञानाच्या काठीनें कालच्या माणसांना झोडपणें हा अन्याय आहे.' हा आक्षेप ऐकावयास उदार आहे, पण तो खरा नाहीं. थॉमस एडिसन याच्या प्रयोगशाळेंत क्लॅरन्स डॅली नांवाचा सहाय्यक या किरणांची परीक्षा स्वतःच्या हातांवर घेत असे. त्याची त्वचा जळली, व्रण चिघळले, कर्करोग झाला, हात कापावे लागले आणि १९०४ सालीं तो मरण पावला. त्या धक्क्यानें खुद्द एडिसननें क्ष-किरणांचें काम सोडून दिलें. ही गोष्ट लोच्या यंत्राच्या सोळा वर्षें आधींची आहे. ज्या १९२७ सालीं लोला पेटंट मिळालें, त्याच सालीं हर्मन म्युलर या अमेरिकन शास्त्रज्ञानें क्ष-किरणांनीं माश्यांच्या आनुवंशिक गुणांत कायमचे बदल होतात आणि ते पुढल्या पिढींत उतरतात हें सिद्ध केलें. त्याबद्दल त्याला १९४६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९२८ सालीं स्टॉकहोम येथें या किरणांपासून संरक्षण करण्यासाठीं आंतरराष्ट्रीय समिति स्थापन झाली. १९३६ सालीं हॅम्बुर्ग येथें एका रुग्णालयाच्या आवारांत क्ष-किरणांवर व रेडियमवर काम करतां करतां बळी पडलेल्या डॉक्टरांचें, शास्त्रज्ञांचें व परिचारिकांचें स्मारक उभारलें गेलें. त्यावर निरनिराळ्या देशांतील १६९ नांवें कोरलेलीं होतीं. स्मारकाचा दगड उभा राहिला त्या वर्षीं जोड्यांच्या दुकानांतील पेट्याही उभ्याच होत्या. अज्ञान म्हणावें तें कशाला? माहिती होती, छापलेली होती, दगडावर कोरलेली होती. ती जोड्यांच्या दुकानापर्यंत पोंचली नाहीं, कारण पोंचावी अशी इच्छा कोणालाच नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक कावेबाज आहे. 'किरण होते खरे, परंतु मात्रा किती अल्प! वीस सेकंदांनीं काय होतें?' हा प्रश्न आमच्या लोकांच्या तोंडीं आजही सदैव असतो, म्हणून त्याचें उत्तर सविस्तर दिलें पाहिजे. प्रथम मात्रेचेंच पाहूं. १९४६ सालीं अमेरिकेंतील मानक ठरविणाऱ्या संस्थेनें असें ठरविलें कीं, पांच सेकंदांच्या एका वेळीं पायांवर दोन राँटगेनपेक्षां अधिक मारा होऊं नये, आणि लहान मुलांना वर्षांतून बारापेक्षां अधिक वेळां यंत्रावर उभें करूं नये. राँटगेन हें किरणांच्या माऱ्याचें त्या काळचें माप. आजच्या चांगल्या यंत्रावर छातीचा एक साधा फोटो काढतांना त्वचेवर जो मारा होतो तो एका राँटगेनच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाइतकाच असतो. म्हणजे जी मात्रा 'सुरक्षित' म्हणून ठरविली, तीच छातीच्या शंभर-दोनशें फोटोंइतकी होती. पाय हा फुप्फुसासारखा किंवा अस्थिमज्जेनें भरलेल्या कण्यासारखा नाजूक अवयव नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. परंतु ही मर्यादासुद्धां पाळली कोण? एक जोडा पाहिला कीं दुसरा, दुसरा पाहिला कीं तिसरा. हें दुकान झालें कीं शेजारचें दुकान. बारा वेळां झालें याची नोंद कोणत्या वहींत होत होती? १९४९ सालीं 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यक नियतकालिकांत चार्ल्स विल्यम्स व लुई हेम्पलमन यांचे दोन लेख या यंत्राविषयीं आले. यंत्रायंत्रांतून निघणाऱ्या माऱ्यांत फार तफावत असते, पुष्कळ यंत्रें कांहीं सेकंदांतच मर्यादा ओलांडतात आणि पेटींतून किरण बाहेरही झिरपतात, हें अशा पाहण्यांतून स्पष्ट झालें. मुलांचीं हाडें वाढत असतात, पेशींचें विभाजन जलद चाललेलें असतें आणि पुढें आयुष्यही मोठें असतें. म्हणून किरणांचा उशिरां उगवणारा परिणाम त्यांच्या बाबतींत अधिक भयावह असतो.

परंतु या सर्वांत अधिक मारा ज्याच्यावर झाला तो पेटींत पाय घालणारा गिऱ्हाईक नव्हता. तो पेटीजवळ दिवसभर उभा राहणारा नोकर होता. मूल वर्षांतून दोनदां येई. विक्रेता वर्षाचे तीनशें दिवस तेथेंच असे. कित्येक विक्रेते तर जोडा चाचपून पाहण्यासाठीं किरण चालू असतांनाच पेटींत हात घालीत. वर्षानुवर्षें असें काम केलेल्या एका स्त्रीच्या त्वचेस झालेला विकार १९५७ सालीं इंग्लंडांतील वैद्यक नियतकालिकांत नोंदला गेला. अमेरिकेंत जोड्यांचें प्रदर्शन करणाऱ्या एका तरुणीचा पाय भाजून इतका निकामी झाला कीं तो कापावा लागला, अशीही नोंद आहे. लक्षावधि गिऱ्हाइकांपैकीं कोणाचा पुढील आयुष्यांतला कर्करोग त्या पेटींतून आला हें सांगतां येणार नाहीं. कर्करोगावर त्याच्या कारणाचा शिक्का मारलेला नसतो. व्यापाऱ्याला हीच गोष्ट सोयीची पडली. ज्या अपायाची पावती मिळत नाहीं तो अपाय झालाच नाहीं, असा हिशेब मांडण्यास मग कोणती अडचण?

आणि तरीही आम्ही म्हणतों कीं मात्रेचा वाद हा मुख्य वाद नव्हे. मुख्य प्रश्न मात्रेच्या आधींचा आहे: हे किरण कशासाठीं? हाड मोडलें असतां क्ष-किरण घेतले तर थोडा धोका पत्करून मोठा लाभ मिळतो. जोड्याच्या मापासाठीं घेतले तर धोका थोडा असेल, पण लाभ शून्य आहे. आणि शून्य लाभासाठीं पत्करलेला धोका कितीही थोडा असला तरी तो अधिकच होय. किरणसंरक्षणाचे आज जगभर मान्य असलेले तीन नियम आहेत: प्रथम प्रयोजन सिद्ध करा, मग मात्रा शक्य तितकी कमी ठेवा, आणि काम करणाऱ्यांसाठीं व जनतेसाठीं कमाल मर्यादा पाळा. प्रयोजनाचा नियम पहिला आहे तो उगीच नव्हे. प्रयोजन नसलेल्या कृत्याची मात्रा मोजीत बसणें म्हणजे चोरी किती थोडी झाली याचा विचार करणें होय.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्राच्या पोशाखांत येतो. 'लोक शहाणे होतात; वाईट वस्तु बाजारांतून आपोआप जाते.' ही पेटी कशी गेली तें पाहावें. गिऱ्हाइकांनीं तिच्यावर बहिष्कार घातला असें झालें नाहीं. शास्त्रज्ञांनीं आवाज उठविला, आरोग्यखात्यांनीं तपासणी केली, आणि अखेर कायदा आला. १९५७ सालीं पेनसिल्व्हेनिया या अमेरिकन राज्यानें पहिली बंदी घातली. त्यानंतर अनेक राज्यांनीं तिचें अनुकरण केलें. इंग्लंडांत १९५८ सालीं बंदीऐवजीं पेटीवर सूचना लावण्याचा मध्यम मार्ग निघाला, कीं वारंवार किरण घेणें अपायकारक असूं शकतें आणि वर्षांतून बारापेक्षां अधिक वेळां घेणें शहाणपणाचें नाहीं. ज्या वस्तूपासून कांहींच लाभ नाहीं ती वर्षांतून बारा वेळां घ्यावी, हा शहाणपणा कोणत्या जातीचा? स्वित्झर्लंडांत बंदी येण्यास १९८९ साल उजाडावें लागलें. अमेरिकेंत वेस्ट व्हर्जिनिया राज्यांतील एका दुकानांत तर १९८१ सालींही असें एक यंत्र चालू स्थितींत सांपडलें. तोंपर्यंत तेथें कोणत्याही आईनें विचारलें नव्हतें कीं, हें कशासाठीं? बाजार आपोआप शहाणा होतो असें म्हणणाऱ्यांनीं या तारखा पाठ कराव्या.

यंत्र गेलें. श्रद्धा मात्र गेली नाहीं. तिनें नवीं देवळें शोधलीं. जालना जिल्ह्यांतील कोणत्याही तालुक्याच्या गांवीं आज क्ष-किरणांची खोली असते, आणि साठएक किलोमीटरांवर छत्रपती संभाजीनगरांत मोठमोठीं सी. टी. यंत्रें आहेत. ही सोय झाली ही आनंदाची गोष्ट आहे. ज्यांनीं मागील पिढींत निदानावांचून माणसें गमावलीं त्यांना ती विचारावी. परंतु या सोयीबरोबर एक नवी रीत पडली आहे. डोकें दुखलें, सी. टी. करा, पाठ धरली, फोटो काढा, वाढदिवस आला, 'संपूर्ण शरीर तपासणी' भेट द्या. डॉक्टरनें 'गरज नाहीं, चार दिवस वाट पाहूं' म्हटलें कीं सुशिक्षित गृहस्थ रागावतो आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. ज्याच्या हातीं चकचकीत फिल्म दिली तो डॉक्टर हुशार, ज्यानें नाडी पाहून घरीं पाठविलें तो मागासलेला! जोड्याच्या दुकानांतील त्या आईहून या गृहस्थाचें तर्कशास्त्र कोठें निराळें आहे? तिला हाडें पाहून समाधान वाटे, याला फिल्म पाहून वाटतें. आणि ती काय सांगते हें दोघांनाही कळत नाहीं.

यांत धोका किती? तो वाढवून सांगण्याचें कारण नाहीं. पृथ्वीवर नुसतें राहिल्यानेंच माणसाला वर्षाकांठीं सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट इतका नैसर्गिक किरणोत्सर्ग मिळतो. छातीच्या फोटोचा भार त्याच्या विसाव्या भागाहूनही थोडा असतो; मात्र पोटाच्या एका सी. टी. चा भार आठ-दहा मिलिसिव्हर्ट, म्हणजे तीन-चार वर्षांच्या नैसर्गिक भाराइतका असतो. २०१२ सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत ब्रिटनमधील सुमारें १,८०,००० मुलांच्या व तरुणांच्या सी. टी. तपासण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा वर्षांखालील १०,००० मुलांच्या डोक्याची सी. टी. केली तर पुढील दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक व मेंदूच्या गांठीचा एक अधिक रोगी निघेल, असा अंदाज त्यांत आहे. दहा हजारांत एक! ज्याच्या डोक्याला खरोखर मार लागला आहे त्याच्यासाठीं हा धोका कांहींच नव्हे. तेथें तपासणी टाळणें हाच मूर्खपणा होईल. परंतु ज्याला परीक्षेच्या काळजीनें डोकें दुखतें त्या मुलासाठीं हा एक कोणत्या लाभाच्या बदल्यांत पत्करावयाचा?

शिवाय ज्या खोलींत आपण मुलाला नेतों ती खोली कशी आहे हें आपण पाहतों काय? आम्हीं अशा खोल्या पाहिल्या आहेत, जेथें दार उघडें असतें, बाहेरच्या बाकावर रांग बसलेली असते आणि रडणाऱ्या मुलाला धरावयास त्याच्या आईलाच शिशाच्या झग्यावांचून आंत उभें करतात. अशा ठिकाणीं तंत्रज्ञाला 'झगा कोठें आहे' असें विचारणें सुशिक्षितांना असभ्यपणाचें वाटतें. भारतांत या यंत्रांवर देखरेख ठेवण्यासाठीं अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजीं स्थापन झालें. त्याची कचेरी मुंबईसच आहे. २००४ सालीं किरणसंरक्षणाचे नवे नियमही झाले. राज्याराज्यांत देखरेखीसाठीं संचालनालयें असावींत असें सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं सांगितलें होतें. परंतु महालेखापरीक्षकांनीं २०१२ सालीं जो अहवाल दिला त्यांत असें आढळलें कीं, देशांतील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकीं केवळ ५,२७० मंडळाच्या देखरेखीखालीं होतीं. उरलेलीं ५२,१७३, म्हणजे शेंकडा ९१, देखरेखीबाहेर चाललेलीं होतीं. संचालनालयें तर तोंपर्यंत केरळ व मिझोराम या दोनच राज्यांनीं काढलीं होतीं. त्यानंतर परवान्यांची पद्धत संगणकावर आली आणि परिस्थिति सुधारण्याचा प्रयत्न झाला, हें खरें. पण प्रश्न मंडळाचा जितका आहे तितकाच आपला आहे. खानावळींत शिरतांना स्वयंपाकघर स्वच्छ आहे कीं नाहीं हें डोकावून पाहणारा गृहस्थ क्ष-किरणांच्या खोलींत शिरतांना परवाना कोठें लावला आहे हें कधीं पाहतो काय?

जोड्यांच्या पेटीचा सर्वांत मोठा भार तिच्या नोकरानें सोसला, हें वर सांगितलें. श्रद्धा एकाची आणि दंड दुसऱ्याला, हा नियम आपल्याकडेही लागू पडला आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागांत कोबाल्ट-६० हें तीव्र किरणोत्सर्गी द्रव्य असलेलें एक यंत्र वर्षानुवर्षें बंद पडून होतें. २०१० च्या फेब्रुवारींत तें भंगार म्हणून लिलावांत निघालें. मायापुरीच्या भंगारबाजारांत मजुरांनीं तें हातांनीं फोडलें. अनेकांना किरणांची बाधा झाली आणि एक जण दगावला. विकणारे निरक्षर नव्हते. ते आमच्याच पेशाचे, अध्यापक होते. जालनेकरांना ही गोष्ट दूरच्या दिल्लीची वाटूं नये. आपल्या गांवाची कीर्ति भंगार वितळवून सळया करणाऱ्या पोलादाच्या भट्ट्यांवर उभी आहे. देशोदेशींचें भंगार आपल्या दारीं येतें, आणि तें उतरविणाऱ्या मजुराला त्यांत काय आहे हें डोळ्यांनीं दिसत नाहीं. कारखान्याच्या फाटकावर किरणमापक असणें व तो चालू असणें हा त्याचा हक्क आहे. जें यंत्र आणतांना आपण समारंभ करतों, तें टाकतांना त्याचा दंड कोणाच्या अंगावर पडेल याचा विचार करणें हेंही विद्येचेंच काम आहे.

'मग काय, क्ष-किरण वर्ज्यच करावे?' असें कोणी उपहासानें विचारील. मुळींच नाहीं. क्षयरोगाच्या शोधासाठीं हातांत धरतां येणारीं क्ष-किरण यंत्रें अलीकडे खेडोपाडीं नेलीं जात आहेत. तेथें प्रयोजन स्पष्ट आहे, रोग भयंकर आहे आणि निदान झालें तर उपाय आहे. अशा वेळीं किरणांना भिऊन दार लावून घेणारा मनुष्यही तितकाच अंधश्रद्ध होय. आमचें म्हणणें इतकेंच कीं, प्रत्येक वेळीं तीन प्रश्न विचारावे. ही तपासणी झाल्यावर उपचारांत काय फरक पडणार आहे? तेंच काम किरणांवांचून, म्हणजे हातानें तपासून, वाट पाहून किंवा ध्वनिलहरींच्या सोनोग्राफीनें होईल काय? आणि याआधीं काढलेली फिल्म उपयोगीं पडेल काय? या शेवटच्या प्रश्नासाठीं घरांत जुन्या फिल्मा व अहवाल वर्षवार जपून ठेवावे. सोन्याच्या पावत्या जपतों तितक्या काळजीनें जपले तरी पुरे. गर्भवतीनें आपण गर्भवती असल्याचें आधीं सांगावें. मुलाला धरणें भागच असेल तर शिशाचा झगा मागून घ्यावा, आणि तो नसेल तर खोलींतून परत फिरावें. डॉक्टर 'गरज नाहीं' म्हणाले तर त्यांचे आभार मानावे. फोटो न काढतां घेतलेली फी ही त्यांच्या ज्ञानाची फी असते.

हे प्रश्न अवघड नाहींत. पहिला प्रश्न विचारावयास तर शिक्षणही लागत नाहीं. बाजारांत मेथीची जुडी घेतांना आजी जो प्रश्न विचारते, 'हें मला कशाला रे?', तोच प्रश्न आहे. आमच्या पदव्यांनीं आम्हांला पुष्कळ कांहीं दिलें, परंतु यंत्रासमोर उभें राहून हा साधा प्रश्न विचारण्याची हिंमत मात्र घालविली. बॉस्टन व झुरिकच्या दुकानांत वर्षानुवर्षें जी पेटी दिमाखानें उभी राहिली ती विजेवर चालत होती असें पुस्तकांत लिहिलेलें आहे. खरें पाहतां ती गिऱ्हाइकांच्या मौनावर चालत होती, आणि त्या इंधनाचा आपल्याकडे अद्याप तुटवडा पडलेला नाहीं.